चांगल्या अक्षराची शिक्षा

माझं अक्षर चांगलं आहे. ते मला तालुक्याच्या शाळेतल्या बाईंनी दिलं. वळण चुकलं की पाटी पुसून पुन्हा काढायला लावायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चढले ती त्या बाईंमुळे. त्यामुळे अक्षरावर माझा राग नाही. पुण्यात त्याचा जो वापर झाला, त्यावर आहे, आणि तो अजून गेलेला नाही.

वाघोलीच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला इंटिग्रेटेड सर्किटचा विषय होता. चौघांत एक कॉम्प्युटर. मॉस्फेट ट्रान्झिस्टरची जोडी घ्यायची, एक एनमॉस, एक पीमॉस, ती कशी चालते ते आधी सिम्युलेशन करून पाहायचं, मग सिलिकॉनवर ती कशी बसेल त्याचा नकाशा रंगीत चौकोनांनी काढायचा. हा लेआउट. पहिल्याच दिवशी गटातल्या पुण्याच्या मुलाने माऊस ताब्यात घेतला आणि म्हणाला, "अगं, काय भारी अक्षर आहे तुझं! गटाचं जर्नल तूच लिही." बाकीच्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. मला तो मान वाटला. पुढच्या प्रत्येक प्रॅक्टिकलला ते तिघे पडद्यासमोर आणि मी मागच्या बाकावर, जर्नल लिहीत.

मग सरांनी जाहीर केलं की प्रत्येक गटातून एकाला चिप बनवणाऱ्या कंपनीत प्रोजेक्टसाठी पाठवणार. होस्टेलमधल्या सगळ्या मुली सॉफ्टवेअरच्या नोकरीचे क्लास लावत होत्या. मला मात्र चिपच करायची होती. शेवटच्या प्रयोगाचा लेआउट मी खोलीवर आलेखाच्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी काढला. माऊसवाल्या त्या मुलाने तो कागद समोर ठेवून पडद्यावर उतरवला.

"पीमॉस ज्या वेलमध्ये बसतो, तिला सप्लायशी जोडणारा छोटा चौकोन राहिलाय," मी मागून म्हणाले. वेल म्हणजे पीमॉसभोवतीचा मोठा चौकोन.

"राहू दे गं. चेक पास झालाय."

सॉफ्टवेअरचा तो चेक फक्त चौकोनांमधली अंतरं मोजतो. जोडणी राहिली तर त्याला कळत नाही. हे मीच जर्नलमध्ये लिहिलं होतं. त्याने ते उघडून कधी वाचलं नसावं.

सरांनी मूळ सर्किटशी लेआउट ताडून पाहिला. जुळेना.

"कुणी काढलाय?"

"मी, सर," तो म्हणाला.

"मग चूक कुठेय?"

तो नुसताच माऊस फिरवत राहिला. शेवटी मी सांगितलं.

"बरोबर," सर म्हणाले. "ये, बस इथे. टाक तो चौकोन."

वर्षात पहिल्यांदाच मी त्या खुर्चीवर बसले. कुठला थर कुठून निवडायचा हेच मला माहीत नव्हतं. काहीतरी दाबलं आणि अख्खं चित्र पडद्यावरून गेलं. मागून आवाज आला, "मॅडम, सुवाच्य काढा हं!" तिघेही हसले.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "थिअरी चांगली आहे तुझी. पण कंपनीत हात चालावा लागतो." आणि त्याला पाठवायचं ठरवलं.

हात चालावा लागतो! मग तो चालेल कसा? कोण पुढे बसतं आणि कोण मागे, हे सर दर प्रॅक्टिकलला बघत होते. बाहेर गाठून मी त्यांना म्हटलं, "सर, मला कधी बसूच दिलं नाही."

"मग मागायचं होतंस."

मागायचं! त्याने मागितला होता का माऊस? त्याने तो नुसता घेतला, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. माझ्या शाळेत एकच फळा होता, तरी बाई प्रत्येकीला उठवून खडू हातात द्यायच्या. गरीब शाळेला जे सुचलं, ते इथे एवढ्या फीमध्ये बसत नव्हतं.

तो प्रयोग अजून पुरा व्हायचा होता. पुढच्या प्रॅक्टिकलला शिपायाने लॅबचं कुलूप काढलं तेव्हा मी दारातच उभी होते. खुर्चीवर जाऊन बसले. ते तिघे आले.

"ऊठ ना. आणि जर्नल?"

मी जर्नल त्याच्याकडे सरकवलं. "लिहायला शिकवलंय ना तुम्हाला शाळेत?"

तो काहीतरी पुटपुटला आणि मागच्या बाकावर बसला. कंपनीत तोच गेला. मी मात्र त्या दिवशी तो चौकोन टाकला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा, आणि लेआउट जुळला.