बाळ थांबतं तेव्हा

मला स्वस्थ बसता येत नाही. पुण्यात खराडीला नोकरी करत होते तेव्हा या गुणाचं कौतुक व्हायचं. स्तनपान सल्लागाराचं प्रशिक्षण घ्यायला लागले आणि त्याच गुणापायी बोलणी खाऊ लागले. शिकवणाऱ्या मॅडमचा नियम होता, बाळाने तोंड लावल्यापासून ते आपणहून सोडेपर्यंत फक्त पाहायचं. एकदा न राहवून मी एका आईची उशी सरकवायला गेले, तर म्हणाल्या, "आपल्या हातांना कामच हवं असेल, तर मोरीत भांडी पडली आहेत."

त्यांनी मला पहिल्यांदा एकटीला पाठवलं ते खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. नवरा-बायको अमरावतीकडचे, सासूबाई बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या. बाळाचं वजन वाढत नव्हतं. सोमवारीही वाढलेलं दिसलं नाही, तर वरचं दूध सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पावडरीचा डबा फडताळात येऊन बसला होता. वरच्या दुधाशी माझं वैर नाही, उपाशी बाळापेक्षा ते केव्हाही बरं. पण हिला दूधच नाही, हे शेजारपाजाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि आता त्या पोरीलाही ते पटायला लागलं होतं. याचा मला संताप आला.

तिने बाळाला पाजायला घेतलं. मी चूक शोधत बसले आणि एकही सापडेना. बाळाने तोंड नीट लावलं होतं, घुटके ऐकू येत होते. मग ते थांबलं, डोळे मिटले. त्याबरोबर सासूबाई उठल्या, बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि सुनेपुढे ताट सरकवलं. भाकरी, शेपूची भाजी, सगळं वाफाळतं. "पोट भरलं त्याचं. तू जेव आता." त्यांच्या बाळंतपणात त्यांना कुणी गरम घास खाऊ दिला नव्हता, सुनेचं तसं होऊ द्यायचं नाही असा त्यांचा निश्चय होता. दर वेळी असंच होतं का, असं मी विचारलं. त्यांनी अभिमानाने हो म्हटलं.

बाळ दम खायला थांबत होतं आणि त्यांना वाटत होतं, पोट भरलं. ताडकन बोलणार होते, पण आधी सुनेला म्हटलं, ताट राहू दे, परत पाज त्याला. बाळ पुन्हा थांबलं तशा सासूबाई अर्ध्या उठल्या. मी म्हटलं, "काकू, बसा. तो दमलाय, थोडा वेळ द्या त्याला."

त्या बसल्या, पण सारख्या बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. मी पदराचं टोक पिळत होते. बाळ खरंच झोपलं असेल तर? शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मला उठून कुणाचा तरी गॅस बंद करावासा वाटत होता. मग बाळाची हनुवटी हलली. पुन्हा घुटका ऐकू आला. थोड्या वेळाने ते परत थांबलं, परत प्यायला लागलं. ताट निवून गेलं.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. वजन वाढलं होतं. फार नाही, पण डबा इतक्यात उघडू नका, असं म्हणण्याइतकं. सून हसली. सासूबाई मात्र बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस मीच उपाशी ठेवलं का याले?"

याचं उत्तर मला कुणी शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर हो म्हणावं लागलं असतं, आणि एरवी मी खरं तोंडावर सांगून मोकळी होते. त्या दिवशी मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. सुनेने ऐकलं होतं. तिने तिथेच बाळाला पाजलं, त्याने आपणहून सोडलं तसं उचलून सासूबाईंपुढे धरलं.

"आई, मले भूक लागली. घ्या याले."

डोळे पुसायच्या आधी सासूबाईंनी हात पुढे केले.