पिंपातलेच पाणी

रंगाच्या कारखान्यातील तपासणी-खोलीत मावशींची बावीस वर्षे गेली होती. शिक्षण बेताचेच, पण पांढऱ्या रंगातले डोळ्यांना न दिसणारे कण कसे वागतात, हे त्यांना नणंदा-जावांच्या स्वभावाइतके पाठ होते. त्या सगळ्या कणांच्या अंगावर एकाच जातीचा विद्युतभार असतो. म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात आणि रंग एकजीव राहतो. पाण्यात मीठ वाढले की विरुद्ध भार त्यांच्याभोवती गर्दी करतो, मूळ भार झाकला जातो आणि कण गळ्यात गळे घालून तळ गाठतात.

"यांचं जमलं की आपलं बिघडलं," मावशी म्हणत.

नव्या साहेबांना हा विनोद मानवला नाही. एकाच पिंपातल्या रंगाचा भार यंत्रावर त्यांनी मोजला तो पंचेचाळीस. मावशींचा आला बारा, म्हणजे रंग नापास.

"मावशी, आठवड्यातली ही तिसरी चूक. उद्यापासून लेबलं चिकटवायला जा."

मावशींची जीभ मात्र जागेवर होती. "जाईन की. पण साहेब, नमुना पातळ कशानं केलात?"

"शुद्ध पाण्यानं. दुसरं कशानं करणार?"

"म्हणजे आंघोळ घालून आणलंत त्याला! मीठ धुतलं गेल्यावर कोणीही ताठच उभं राहील. मी पिंपातलंच पाणी वेगळं काढून घेतलं. कण राहतात त्याच पाण्यात ना?"

मावशींनी दोन काचनळ्यांत तोच रंग भरला, एकीत शुद्ध पाण्याने पातळ केलेला, दुसरीत पिंपातल्या पाण्याने, आणि त्या जेवायला निघून गेल्या. पदवीला अनुभवाचे ऐकायला लावणे हे कष्टाचे काम. ते त्यांनी नळ्यांवर सोपवले.

दुपारी पहिली नळी दुधासारखी पांढरीफटक होती. दुसरीत वर नितळ पाणी आणि खाली गुठळ्या.

साहेबांचा चेहरा उतरला. "मग आधीची दोन पिंपं?"

"तीही अशीच. सोमवारपासून विहिरीचं पाणी वापरतोय आपण. चाखलंय कोणी? मचूळ आहे नुसतं."

साहेबांनी घाईघाईने गोदामाला फोन लावला. "ती दोन पिंपं थांबवा! हो, मीच पास केली होती." पलीकडून काहीतरी विचारले गेले. त्यांनी मावशींकडे पाहिले. ओठांवर आलेले 'यंत्र बिघडलं' हे उत्तर गिळले.

"नाही, यंत्र ठीक आहे. चूक माझी. मावशी पहिल्या दिवसापासून बरोबर सांगत होत्या."

फोन ठेवून ते म्हणाले, "लेबलांचं विसरा."

"विसरले," मावशी म्हणाल्या, "पण ते पिंपातलं पाणी वेगळं कसं काढायचं ते शिकून घ्या. चला, उठा."