वाळूचे पाहुणे

“वर जेवढं चढवाल, तेवढंच खाली पळंल,” असं म्हणत फौजीमामा उजव्या हाताचं बोट हवेत वर न्यायचे, खाली सोडायचे आणि पुन्हा चढवायचे. दुसऱ्या खेपेला बोट पहिल्यापेक्षा चार बोटं खालीच थांबायचं. जेवताना सांगत असले तर हातातला भाकरीचा तुकडाही तसाच चढायचा-उतरायचा.

मामा माण तालुक्यातले. पलटणीत गाड्या दुरुस्त करायचे. मलकापूरच्या पुढे आमच्या मालकांनी उसाचं रान मोडून पोरांसाठी बाग केली, तिथल्या लहान रोलर कोस्टरवर ते कामाला होते. मी तिथं झाडलोट करते. मी फारसं बोलत नाही, म्हणून मामा मलाच सगळं सांगायचे. जत्रेत पाळण्याजवळ उभं राहून, दांडा धरलाय का म्हणून सगळ्यांच्या हातांकडे बघणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. तसे ते.

त्या गाडीला इंजिन नाही, हे मला त्यांनीच सांगितलं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं त्या उंचीच्या जोरावर. सहलीला आलेले एक गुरुजी पोरांना म्हणाले, उंचावर असते ती स्थितिज ऊर्जा, उतारावर तिचीच गतिज होते. मामांनी दोन्ही नावं माझ्याकडून तिकिटामागे लिहून घेतली. “बारशाला लय उशीर झाला, ताई. पर नावं झ्याक हायती.”

रोज सकाळी माणसांच्या आधी गाडीत वाळूची पोती बसायची. प्रत्येक पोत्यावर मामांनी खडूनं सासरच्या एकेकाचं नातं लिहिलं होतं. “मेव्हणं, दांडा धरा,” असं दटावून ते कळ दाबायचे. सगळे पाहुणे सुखरूप फिरून आले की मगच फाटक उघडायचं.

एकदा मालकांच्या मनात आलं, दुसरा चढ पहिल्याहून उंच करायचा, हायवेवरून दिसला पाहिजे. त्यांनी वेल्डर बोलावला. मामांनी पाण्याचा पाइप उभा चिरून आणला, त्याला तसेच दोन उंचवटे दिले आणि पहिल्यावरून गोटी सोडली. ती दुसऱ्याच्या डोक्यापर्यंत न पोचताच मागं फिरली.

“माझं रान, माझं लोखंड,” मालक म्हणाले. “मी म्हणीन तेवढा चढ हुईल.”

“मालक, गोटीला सातबारा कळत न्हाई.”

आम्ही हसलो. मालक हसले नाहीत.

चढ झाला. उद्घाटनाला नारळ, हलगी, पाहुणेमंडळी. शाळेची पोरं रांगेत उभी. मालक म्हणाले, “पोती उद्या. मुहूर्त टळतोय.”

मामा फाटकाला पाठ लावून उभे राहिले. “आधी पोती.”

“फाटक उघड, न्हाईतर पिशवी उचल आन् घर गाठ.”

“उचलतो की. पर पोती फिरून आल्यावर.”

चारचौघांत तमाशा नको म्हणून मालक बाजूला सरले. मेव्हणे, साडू, चुलतसासरे निघाले. पहिला चढ, सुसाट उतार, मग दुसरा चढ. शेंड्यापासून पुरुषभर खाली गाडी थांबली. हलगीही थांबली. मग सगळी सासरवाडी उलटी घसरत आली आणि खळग्यात मागं-पुढं झोके खात शेवटी तळाला बसून राहिली.

“मेव्हणं रुसलं!” रांगेतली एक मुलगी ओरडली.

जो तो पोट धरून हसला. मामा मात्र हसले नाहीत. ते रांगेतल्या पोरांकडे एकेक करून बघत होते.

संध्याकाळी त्यांनी पिशवी उचलली. आठवड्यात मालकांनी चढ कापून घेतला, पण मामांना बोलवायला त्यांचा पाय उचलला नाही. मामा गावी शेरडं राखतात असं ऐकते.

आता कळीवर नवीन माणूस आहे. मागच्या रविवारी सकाळीच गर्दी झाली. मालक त्याला म्हणाले, “राहू दे पोती, सोड गाडी.” मी झाडू फाटकावर आडवा धरला. मग बोट वर नेलं, सोडलं, पुन्हा चढवलं आणि चार बोटं खालीच थांबवलं.

मालक माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग स्वतः वाकले, पोतं उचलून गाडीत ठेवलं आणि हळूच म्हणाले, “बसा, मेव्हणं.”