भाताला पाय लागंल

आज आंब्याची पेटी उघडली आणि आंब्यांआधी भाताच्या पेंढ्याचा वास आला. त्या वासासरशी मी आमच्या कुरवंडे गावच्या भातखाचरात जाऊन उभा राहिलो. कापणी चालली होती. माझ्या थोरल्या चुलत्यांना कंपवात होता. हात थरथरायचे ते एकवेळ चालायचं, पण पाय असे अडायचे, की उंबऱ्यापाशी ते जमिनीला खिळल्यासारखे उभे राहायचे. त्या दिवशी हट्टाने शेतावर आले आणि बांधावरून खाली उतरताच थिजले. पुढे कापलेलं भात ओळींनी आडवं वाळत पडलं होतं. मी हात धरून ओढायला गेलो, तर ते पडायलाच आले. चुलती विळा टाकून धावली, पण ओरडली भलतंच, "अवो, खाली बघा! भाताला पाय लागंल!" चुलत्यांनी खाली पाहिलं. "अन्नाला कसा लावीन पाय?" असं पुटपुटत त्यांनी पाय चांगला उंच उचलला, ओळ ओलांडली, मग पुढची, मग त्याच्या पुढची, आणि थेट पलीकडचा बांध गाठला. वाकून कापणारे सगळे ताठ उभे राहिले. नागफणीच्या कड्यावर ऊन चढलं होतं. त्या दिवसापासून चुलती उंबऱ्यात भाताची एक पेंडी आडवी ठेवायची आणि ती ओलांडून ते घरात यायचे. आता उंबऱ्यापाशी माझेही पाय अडू लागलेत. आंबे बाजूला ठेवून, पेंढ्यात एखादी लोंबी राहिली आहे का, ते मी शोधत बसलोय.