जर्मनांच्या घरामागची कबर

मुलगी लग्नानंतर ऑस्ट्रेलियात गेली, म्हणून एका वर्षी आम्ही नवरा-बायको दुबईहून महिनाभर तिच्याकडे राहायला गेलो. एका रविवारी तिनं आम्हाला एक जुनं घर दाखवायला नेलं. जर्मनीहून येऊन तिथं शेती करणाऱ्या कुटुंबाचं ते घर. आता त्याचं म्युझियम केलंय. दगडामातीच्या चार खोल्या, आणि ऐट मात्र राजवाड्याची.

"अब्बा, लुक, हे त्यांचं ओरिजिनल किचन," मुलगी म्हणाली.

मी पाहिलं. चूल ती चूलच. शेजारी मांसाला धुरी द्यायची खोली होती. कसलं मांस, असं बायकोनं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "अम्मी, प्लीज."

घरामागं कुंपणात एक लहानशी कबर होती. दगडावर मुलाचं नाव, जन्म, मृत्यू, सगळं कोरलेलं. बायको तिथंच थांबली.

आमचा पहिला मुलगा साठच्या दशकात दुबईत वारला. वीस दिवसांचा होता. तेव्हा आम्ही खाडीजवळ खजुराच्या झावळ्यांच्या खोलीत राहायचो. वीज नव्हती, गोडं पाणी गाढवावरून यायचं. बायका कबरस्तानात जात नसत, त्यामुळे मी आणि शेजारचे तीन-चार रत्नागिरीकर त्याला घेऊन गेलो. तिथल्या रिवाजाप्रमाणे कबरीवर नाव नाही. डोक्याशी एक दगड, पायाशी एक. वर्षभरात वाऱ्यानं वाळू इकडची तिकडे केली आणि मला ती कबर सापडेना. मग दर ईदला मी कुठल्यातरी लहान कबरीपाशी फातिहा पढायचो आणि घरी येऊन सांगायचो, "जाऊन आलो. सगळं साफ आहे." खोटं बोलणाऱ्याची मला चीड आहे, आणि हे खोटं मी चाळीस वर्षं चालवलं.

"आपल्या बाळाची कबर कितव्या ओळीत आहे?" कुंपणाशी उभ्या उभ्या बायकोनं विचारलं. "उद्या तुम्ही नसलात तर मुलांना कोण दाखवणार?"

तिसऱ्या, असं म्हणून मोकळा झालो असतो. पण त्या कोरलेल्या नावासमोर जीभ रेटेना.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पहिल्याच वर्षी हरवली."

मुलगी गाडीपाशी उभी राहून हाका मारत होती. मला फार लाज वाटली.

"मग आता एकाच कबरीपाशी उभे राहू नका," बायको म्हणाली. "तिथल्या सगळ्या मुलांसाठी पढा."