तुळसाबाईंचे वाटे

इंझोरीच्या तुळसाबाईंच्या आजाराचा एकच कागद उरला आहे: अकोल्याच्या एका रुग्णालयाचे सुटीपत्र. त्यावर स्क्रब टायफस, मेंदूला सूज, दोन्ही कानांनी ऐकू न येणे, एवढे लिहिले आहे. तापाचा पहिला दिवस त्यात नाही. घरचे तो पोळ्यानंतरचा चौथा सांगतात.

शेताच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गवत कापताना हा ताप देणारा माइट नावाचा बारीक किडा चावला असावा. दिसला कुणालाच नाही. चाव्याची काळी खपली धरली ती नेमकी परकराच्या नाडीखाली. तिथे शेतात राबणाऱ्या बहुतेक बायांना घट्टा असतोच. अंगावर कुठे डाग आहे का, असे गावातल्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा तुळसाबाई नाही म्हणाल्या. ते खोटे नव्हते. नाडीचा घट्टा त्यांच्या लेखी डाग नव्हता. सून सुप्रियाने अंग पुसताना खपली पाहिली, तोवर सासू तिला ओळखेनाशी झाली होती.

औषधांनी ताप उतरला, शुद्ध आली. कान काहींचे हळूहळू सुधारतात, असे डॉक्टर म्हणाले होते. दीड वर्षात तुळसाबाईंचे सुधारले नाहीत. घरातले बोलणे हातवाऱ्यांवर आले: जेव, ऊठ, नीज.

शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्या वीस वर्षे मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकत. तिथली जागा त्यांना सोडायची नव्हती. सुप्रियाने तोड काढली. सगळे वाटे सारखे लावायचे, पुठ्ठ्यावर दहाचा आकडा लिहायचा. बोलायचे कामच नाही. माल दुपारीच संपू लागला. गिऱ्हाईक वाकायचे, पैसे ठेवायचे, वाटा उचलून वर न पाहताच जायचे.

"माल सरते वं," तुळसाबाई सुनेला म्हणाल्या, "पन कोनी भांडतच नाई माह्यासंग."

पुढच्या बाजारापासून वाटे लहानमोठे होऊ लागले. आजारापासून सासूचा हात कापतो, असे सुप्रिया सांगते. सुटीपत्रात तशी नोंद नाही. शेजारी बसणाऱ्या धुरपताबाईंचे म्हणणे वेगळे: तुळसा आधी सगळे वाटे सारखेच लावते, मग इकडेतिकडे पाहून एकातल्या चार काड्या काढून टोपलीत टाकते.

एका बाजारी एक बाई तो लहान वाटा हातात धरून उकिडवी बसली. वाटा हलवत बरेच काही बोलली. तुळसाबाई तिच्या ओठांकडे पाहत राहिल्या.

"नसन परवडत तं नको घेऊ," त्या म्हणाल्या. "पन बस थोडी."

बाईने शेजारचा मोठा वाटा उचलला, दहाची नोट ठेवली आणि ती पुढे गेली. तुळसाबाईंनी लहान वाटा पुन्हा पुढच्या रांगेत मांडला.