सटाण्याच्या गॅरेजात एक दुपार, जिजीबरोबर

गुरुवारी संध्याकाळी कैलासचा फोन आला. "ताई, शनिवारी जिजीला सुरतला नेतोय. नामपूरचं घर भाड्याने दिलं."

मी कुकर लावत होते, ती तशीच उभी राहिले. जिजी म्हणजे कैलासची आई आणि माझी लहानपणची शेजारीण. माझी आई नामपूरला प्राथमिक शाळेत शिकवायची आणि ती घरी येईपर्यंत मी जिजीच्या ओट्यावर असायचे. आमच्या घरात पुस्तकी मराठी आणि जिजीच्या घरात अहिराणी. आईची बदली नाशिकला झाली, मी मोठी झाले, लग्न झालं, आई गेली. मला 'वैशी' म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं आणि ते शनिवारी गुजरातला निघालं होतं.

"जाऊ या," नवरा म्हणाला. मंदारचं हे बरं आहे, त्याला फार समजवावं लागत नाही. "गाडी पण एकदम ताजी आहे."

ताजी म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमची जुनी हॅचबॅक आहे. त्याआधीच्या रविवारी मंदारने सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिची कूलिंग सिस्टिम स्वतः साफ केली होती. व्हिडिओ बघून. रेडिएटर खालून मोकळा केला तेव्हा कडक चहाच्या रंगाचं गंजकं पाणी वाहत थेट गेटपर्यंत गेलं. मग बागेची नळी लावून पुन्हा पुन्हा धुतलं, स्वच्छ पाणी यायला लागल्यावर नवं हिरवं कूलंट भरलं आणि हात पुसत वर येऊन जाहीर केलं, "आता दहा वर्षं बघायला नको."

शनिवारी सकाळी लवकर निघालो. या बाजूला जाणार असाल तर सांगते, नाशिकहून ओझर, पिंपळगावचा टोल आणि मग हायवेने सोग्रस फाट्यापर्यंत काही प्रश्न नाही. फाट्यावर मिसळ खाल्ली. चव ठीक, पाव मात्र ताजे. तिथून डावीकडे देवळ्याचा रस्ता. उन्हाळ कांद्याचे दिवस होते. शेताशेतात कांद्याचे ढीग पातीने झाकून ठेवलेले, आणि खिडकी उघडली की तो उग्र, कोरडा वास. मी काच आणखी खाली केली. मंदार म्हणाला, "खिडकी लाव, एसी चालू आहे." मी लावली नाही.

भावडबारीचा घाट लागला आणि तापमानाचा काटा वर चढायला लागला.

मंदारने आधी एसी बंद केला. मग हीटर पूर्ण गरमवर लावला. एवढ्या उन्हात! मी त्याच्याकडे बघतच राहिले. "इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, तेवढाच आराम तिला," तो म्हणाला. पण हीटरमधून गार वारा यायला लागला. मला बरं वाटलं, त्याचा चेहरा मात्र उतरला.

"आत हवा अडकलीय," तो म्हणाला. "कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाहीये. भरताना हवा काढायची राहिली."

घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. बॉनेट उघडून आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत थांबलो. कांद्याचे ट्रॅक्टर शेजारून जात होते. एकाने हळू करून विचारलं, "काय झालं दादा? पानी हाय का?" त्याने दिलेली बाटली आम्ही इंजिन निवल्यावर ओतली आणि थांबत थांबत, सपाटीवर थोडा जीव आलेली गाडी घेऊन सटाण्याच्या वेशीवर पोचलो. देवळ्याला एका पानवाल्याने रफिकभाईंचं गॅरेज सुचवलं होतं. पत्र्याची शेड, समोर मुरमाचा उतार, लिंबाचं झाड.

रफिकभाईंनी बॉनेटखाली वाकून बघितलं. "ताई, दोन गोष्टी होऊ शकतात. नुसती हवा असेल तर दोन-तीन तासांत निघाल. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलं असेल तर गाडी इथंच राहील, चार दिवस तरी."

"गॅस्केट नाहीये," मंदार म्हणाला.

"तुम्ही बघितलं का उघडून?"

मंदारने पुन्हा बॉनेटखाली डोकं घातलं.

मी बाजूला जाऊन कैलासला फोन लावला. त्यांची जीप दुपारी निघणार होती. सुरतच्या वाटेवरचा चरणमाळचा घाट उजेडात उतरायचा होता, ड्रायव्हर पुढे थांबायला तयार नव्हता. आणि इथून नामपूरला जायला मला दुसरी गाडी शोधावी लागणार होती. शेअर जीप भरली की सुटते, कधी भरेल सांगता येत नाही. मी हे सगळं सांगत होते तेवढ्यात फोन कुणीतरी हिसकावून घेतला.

"वैशी? तू कोठे शे?"

"सटाण्यात, जिजी. गाडी बिघडलीय."

"तू तठेच बस. मीच येस."

मागून कैलासचा आवाज ऐकू येत होता, ताहाराबादकडून सरळ जायचं तर सटाण्याचा वळसा कशाला म्हणून. फोन बंद झाला.

इकडे काम सुरू झालं होतं. रफिकभाईंनी गाडी मुरमाच्या उतारावर चढवून उभी केली, नाक वर करून. हवा नेहमी वरच्या टोकाला जाऊन बसते, म्हणून रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच हवं. मंदारचं पार्किंग सपाट होतं, तिथेच चुकलं. इंजिन पूर्ण निवल्यावर झाकण काढलं, कापलेली प्लास्टिकची बाटली नरसाळ्यासारखी तोंडात घट्ट बसवली, कूलंट ओतलं, इंजिन चालू केलं, हीटर पूर्ण गरमवर. मग रफिकभाई जाड रबरी पाइप फडक्यात धरून दाबायला लागले. दाबायचे, सोडायचे. बाटलीत बुडबुडे आले. मोठे, ढेकर दिल्यासारखे.

"बुडबुडे थांबले तर हवा," रफिकभाई म्हणाले. "थांबलेच नाहीत तर गॅस्केट."

थोड्या वेळाने थांबले. पंखा सुरू झाला. मंदारने माझ्याकडे विजयी बघितलं. झाकण लावून दोघं चक्कर मारून आले आणि काटा पुन्हा वर. हीटर अजून गारच. रफिकभाईंनी इंजिन बंद केलं. इंजिन पुन्हा निवेपर्यंत थांबण्याशिवाय काही करता येत नव्हतं.

त्या थांबण्यात जीप आली. टपावर गाद्या, कपाट, दोरीने बांधलेला पाटा-वरवंटा. ड्रायव्हरशेजारून जिजी उतरली. मला वाटलं होतं त्याच्या अर्धीच राहिली होती. नऊवारी नीट नेसलेली, हातात कापडी पिशवी. जवळ येऊन तिने माझे दोन्ही दंड दाबून बघितले.

"कितली वाळी गयी वं! जेवनी का?"

मी वर्षानुवर्षं मनात वाक्यं जुळवत होते, तिला भेटले की अहिराणीत काय काय बोलायचं ते. आणि तोंडातून आलं, "हो जिजी, मिसळ खाल्ली." शुद्ध नाशिकची मराठी. मलाच परकी वाटले मी.

तिने ते मनावर घेतलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, पिशवीतून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा काढला, मला दिला, मंदारला दिला, रफिकभाईंना हात धुवायला लावून दिला. मग उघड्या बॉनेटकडे बघत विचारलं, "काय व्हयनं हाई गाडीले?"

"आजी, तिना पोटमा हवा धरेल शे," रफिकभाई हसून म्हणाले.

"मंग ओवा दे तिले."

सगळे हसले, अगदी वैतागलेला कैलाससुद्धा. तो तसा वाईट नाही. सुरतेत साड्यांच्या कारखान्यात आहे, एकुलता एक. आई इथे एकटी अंगणात पडली आणि शेजाऱ्यांनी फोन केला, तेव्हापासून त्याला झोप नाही, असं त्यानेच मला हळूच सांगितलं. मी माझ्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातात दिली.

इंजिन निवलं. या वेळी मंदारने सुचवलं, हीटरला जाणारा वरचा पाइप सैल करून बघू, तो रेडिएटरपेक्षाही उंच दिसतोय. रफिकभाईंनी मान हलवली. "करू. तुम्ही तिकडं बाटली भरत राहा." एकाने पाइप आवळणारा क्लॅम्प सैल केला, दुसरा ओतत राहिला. सुस्स असा लांब आवाज आला. मग थुंकल्यासारखे दोन-चार शिंतोडे, आणि मग अखंड हिरवी धार. क्लॅम्प आवळला. इंजिन चालू.

आम्ही सगळे बाटलीकडे बघत उभे. बुडबुडे येत होते. जिजी माझा हात धरून होती, तिचा अंगठा माझ्या मनगटावर वर-खाली फिरत होता. झोपवताना करायची तसा.

"मन्हासंगे कोन बोली तठे?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा, जणू भाजीचं विचारावं. "नातू हिंदी बोलतस. सून चांगली शे, पन तिले समजत नही."

"मी बोलीन," मी म्हणाले. मग जीभ जड झाली तरी रेटून, "मी बोलसू जिजी. रोज."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. बाटलीतला हिरवा द्रव आता स्थिर होता, एकही बुडबुडा नव्हता. मंदार आत बसून ओरडला, "गरम! हीटर गरम येतोय!"

कैलासने घड्याळ बघितलं. जिजी उठली. पदराने माझा चेहरा पुसला, मी रडत नव्हते तरी. जीप ताहाराबादच्या रस्त्याला लागली, टपावरचा पाटा दिसेनासा होईपर्यंत मी रस्त्यात उभी होते.

खर्चाचं विचाराल तर कूलंटचा डबा आणि मजुरी धरून हॉटेलातल्या दोघांच्या जेवणाएवढाच. रफिकभाईंनी निघताना मंदारला बजावलं, दोन दिवसांनी थंड इंजिनावर पातळी बघा, थोडी खाली जाईल, भरा.

"आता नामपूरला जायचं?" मंदारने विचारलं. जिच्यासाठी आलो ती तर गेली होती. तरी गेलो. बाजार समितीसमोर ट्रॅक्टरांची रांग, सगळीकडे कांद्याची सालं उडत होती. जिजीच्या घरासमोर नव्या भाडेकरूंचे कपडे एवढ्यात वाळतही होते. दारातल्या बाईने विचारलं, "कोन पाहिजे?" मी म्हणाले, "कोनी नही. आठे मी लहान व्हती." ती बाजूला सरकली, आत या म्हणाली. मी ओट्यावरच थोडी बसले. सिमेंट तापलं होतं.

परतताना भावडबारीत मी काट्यावरून नजर काढली नाही. तो मधोमध राहिला. दिवेलागणीला घरी.

या प्रवासातून काय राहिलं, तर ते रोज दुपारी येतं. सुरतेच्या घरातले सगळे कामाला गेले की जिजी फोन करते. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन बोलते. क्रियापदं चुकतात, ती दुरुस्त करते, कधी हसून खोकते. माझ्या तब्येतीची, मंदारची चौकशी झाली की तिचा एक प्रश्न ठरलेला असतो, नामपूरले कांदाना काय भाव निंघना. मी फोन यायच्या आधीच शोधून ठेवते आणि तिला सांगते. ती ऐकते, चांगला असेल तर "बरं व्हयनं" म्हणते, पडला असेल तर गप्प राहते. तिच्याकडे विकायला एकही कांदा नाही.